एक्केचाळीस नंबरचे निरोप

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

अभिनंदन! तू पहिली आलीस. शाळेत कधी आली नाहीस, ती आता आलीस. चिडू नकोस, आधी पुढचं वाच.

निरोप्याला तुमच्या वस्तीत तीन महिने झाले. काल साहेबांसमोर त्याचा अहवाल मांडला. साहेब नवे आहेत, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून अगदी पहिल्यापासून सांगितलं. खाणीच्या वस्तीवर रेंज नाही, ती खिंडीपलीकडे डेपोपाशीच मिळते. म्हणून आम्ही बासष्ट जणांच्या फोनमध्ये निरोप्या नावाचं अॅप घातलं. दोन माणसं जवळ उभी राहिली की त्यांचे फोन आपापसात निरोपांची देवाणघेवाण करतात. ट्रकवाला डेपोवरून निरोप आणतो, तो चहा प्यायला थांबला की टपरीवाल्याच्या फोनमध्ये जातो, टपरीवाल्याकडून तिसऱ्याकडे, असं करत करत ज्याचा त्याला पोचतो. मधल्या कुणाला तो उघडता येत नाही, फक्त वाहून न्यायचा. आणि कोण कुणाला वरचेवर भेटतं हे निरोप्या स्वतःच शिकतो. साहेब म्हणाले, "म्हणजे माणसंच तारा?" मी म्हटलं, "हो, आणि सगळ्यात जाड तार म्हणजे माझी ताई."

खरंच सांगतो. सात नंबरचा फोन, म्हणजे तुझा, याने सगळ्यात जास्त निरोप पोचवले. शिंप्याच्या दुकानात कोण येत नाही? सरासरी निघाली चार तास. साहेब खूश झाले.

एकच खटकलं. एक्केचाळीस नंबरला निरोप पोचायला तीन-तीन दिवस लागतात. फोन बिघडलाय का, जरा बघशील? निरोप्यावर दोन ओळींपलीकडे मावत नाही, म्हणून हे कागदावर. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

प्रिय शहाण्या,

ट्रकवाल्याने तुझं पत्र आणून दिलं तेव्हा दुकानात चार बायका होत्या. मी मोठ्याने वाचलं. "जाड तार" ऐकून सगळ्या इतक्या हसल्या की टाचण्या सांडल्या. एक म्हणाली, "भावाने बरोबर ओळखलंय, नुसती तार काय, दोरखंड म्हण!" तू इथे आलास की तुझा कान धरते की नाही बघ.

पहिली येण्यात माझं काय कौतुक? मी यंत्रावर बसते, बायका येतात, तोंडं सुरू असतात. फोन आपला टेबलावर पडलेला असतो. तुझा निरोप्या आयतं खातो आमच्या जिवावर.

एक्केचाळीस नंबर म्हणजे ती काटेवाली. ट्रकांचं वजन करते ती, काट्यावर बसते. फोन जुनाट असेल, चार्जही करत नसेल. बाई घुमी आहे, कुणात मिसळत नाही, नाक वर करून जाते. दुसरा फोन पाठव आणि विषय संपव. एका बाईपायी डोक्याला ताप कशाला करून घेतोस?

दाजी ठीक. खडी चाळायच्या कामावर जातात. धुळीने खोकला लागलाय, पण औषध घे म्हटलं की ऐकतील तर ते दाजी कसले?

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सोबत नवा फोन पाठवतोय. पण खरं सांगू? जुन्यात काही दोष नव्हता. मी नोंदी पुन्हा चाळल्या.

निरोप एका फोनमधून दुसऱ्यात जायला दोन्ही फोन दहा पावलांच्या आत सलग तीस सेकंद असावे लागतात. तीसच्या आत एक जण निघून गेला तर काहीच होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. काटेवालीच्या आसपास तीन महिन्यांत तीस सेकंद कुणी उभंच राहिलं नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही! जे थोडे निरोप तिला मिळाले, ते ती तीन-तीन दिवसांनी स्वतः डेपोवर गेली तेव्हाच. ट्रकवाले वजन करतात, पण ती काचेआड आणि ते वर गाडीत. त्यामुळे निरोप्या असं शिकला की ही बाई कुणाला भेटतच नाही, आणि तिचे निरोप कुणी घ्यायलाच तयार होईना. काय कारण असेल, कळत नाही. स्वभावच तसा असेल, तू म्हणतेस तसा.

मी एक उपाय केलाय. तुझं दुकान नळासमोर. पाणी भरायला ती नळावर येते आणि तूही येतेस. एकमेकींच्या सगळ्यात जवळून तुम्ही दोघीच जाता. म्हणून मी असं ठरवून टाकलंय की एक्केचाळीसचे सगळे निरोप सात नंबरकडेच द्यायचे. एकाकडे दिले की बाकीच्यांनी आपल्याकडची प्रत पुसून टाकायची, म्हणजे फोन भरत नाहीत. तुझ्या स्क्रीनवर तेवढं दिसेल, "४१ साठी १" वगैरे. तुला काही करायचं नाही. नळावर तीस सेकंद उभं राहायचं, बस्स. एवढं करशील ना?

तुझा धाकटा


२० फेब्रुवारी

प्रिय शहाण्या,

करेन. मोठी बहीण झाले म्हणजे तुझी सगळी कामं करणं आलंच.

नवा फोन तिच्या खोलीच्या पायरीवर ठेवून आले. दार बंद होतं.

गिऱ्हाइकं बसली आहेत, जास्त लिहीत नाही.

ताई


१४ मार्च

ताई,

हे पत्र मिळताक्षणी उत्तर लिही. ट्रकवाल्याला थांबवून ठेव हवं तर.

शहरातल्या रुग्णालयातून कार्यालयात तक्रार आलीय. काटेवालीचे वडील तिथे होते. मागच्या सोमवारी सकाळी तिथल्या आयाबाईने निरोप पाठवला, "वडील विचारताहेत, लगेच ये." दुपारी दुसरा. मंगळवारी तिसरा. वडील बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास गेले. ती गुरुवारी पोचली.

नोंदी माझ्यासमोर आहेत. पहिला निरोप सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी ट्रकवाल्याच्या फोनमधून तुझ्या फोनमध्ये आला. तिला मिळाला बुधवारी संध्याकाळी, पाच बावन्नला. मधल्या काळात तुम्ही दोघी सहा वेळा जवळ आलात. कधी चार सेकंद, कधी अकरा, कधी एकोणीस. सगळ्यात जास्त बावीस.

ताई, आठ सेकंद कमी पडले.

साहेबांनी खुलासा मागितला. मी "फोनमधील दोष" असं लिहून सही केली. कारण दुसरं काय लिहू, सुचेना. तुझा फोन मध्येच बंद पडत होता का? तू घाईत होतीस का? काय झालं ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

धाकटा


१८ मार्च

बाळा,

"शहाण्या" लिहायला हात होत नाही.

फोन ठणठणीत आहे. घाईतही नव्हते. मी मोजत होते.

तू तीस सेकंद लिहिलंस ना, ते वाचल्यापासून मला कळलं होतं की तिचे निरोप माझ्या मुठीत आहेत. ती नळावर आली की मी बादली लावायची, मनात एक, दोन, तीन म्हणायचं, आणि वीसच्या पुढेमागे बादली उचलून चालू पडायचं. अर्धी भरलेली असली तरी. पहिल्या वेळी तर मला हसू आलं होतं. स्क्रीनवर दिसत होतं, "४१ साठी १". मग २. मग ३. आत काय आहे ते कुठे दिसत होतं? पण तीन झाले तेव्हा मी फोन परत परत काढून बघत होते रे, ते खोटं कसं सांगू? एकामागून एक तीन निरोप उगाच कोण कुणाला पाठवतं? कळलं, आणि तरी मंगळवारी संध्याकाळी बावीसला बादली उचलली. तिला एक दिवस आणखी थांबू दे म्हटलं. आम्ही दीड वर्ष भोगतोय.

ती घुमी आहे असं मी तुला लिहिलं होतं. ती घुमी नव्हती. आम्ही केली. दाजींची सुरुंगाची नोकरी का गेली, तुला मी अर्धवटच सांगितलं होतं. सुरुंग लावण्याआधी तीन शिट्ट्या द्यायच्या असतात, मधे थोडा थोडा वेळ सोडून. त्या दिवशी ट्रक खोळंबले होते, दाजींनी एकच दिली. ट्रक भरणाऱ्या एका माणसाचा पाय गेला. चौकशीला अकरा जणांना बोलावलं. दहा जणांनी तीन सांगितल्या. काटेवालीने एक सांगितली. दाजींचा परवाना गेला.

एकच झाली होती. मी दुकानात बसून ऐकली होती. त्या दहा जणांत मी होते.

तिच्याशी बोलू नका, असं मी कुणाला सांगितलं नाही. मला सांगावं लागतच नाही. चौकशीनंतर तिने कापड आणलं, ते मी "वेळ नाही" म्हणून परत केलं, आणि ती वळल्यावर दुकानात एवढंच बोलले, "आज आमच्यावर उलटली, उद्या कुणावर उलटेल कुणास ठाऊक." एवढ्या एका वाक्यावर दुसऱ्या दिवशी नळावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी. तुझा निरोप्या आता आलाय. माझ्या दुकानातून निघालेलं वस्तीभर पोचायला चार तासही लागत नाहीत. मला पहिला नंबर दिलास, तो बरोबरच दिलास.

आता बुधवारचं. ते लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

बुधवारी सुरुंग उशिरा लागला. मी नळावर, ती काट्यावरून घरी निघालेली, आणि पहिली शिट्टी झाली. शिट्टी झाली की जवळच्या आडोशात शिरायचं आणि शेवटचा भोंगा होईपर्यंत हलायचं नाही, हा नियम. नळाजवळ एकच आडोसा आहे, चार माणसं मावतील एवढा. मी आत होते, ती आली. दोघीच. बाहेर पडायची सोय नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तीस सेकंद कधी होऊन गेले कळलं नाही, आणि तिच्या खिशात फोन वाजला. तीनदा.

तिने वाचलं, "बाबा बोलावताहेत" म्हणाली आणि खाली मातीतच बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही आणलात. नाहीतर माझ्यापर्यंत कोण आणतं, ताई?" माझा हात दोन्ही हातांत घेतला तिने.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "असू दे."

भोंगा झाल्यावर मीच तिला ट्रकमध्ये बसवून दिलं. ट्रकवाल्याला "सांभाळून ने" म्हटलं. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, काय मोठं मन आहे बाई तुझं! तेही ऐकून घेतलं. मला तेव्हा वाटलं होतं की ती वेळेत पोचेल. तुझं पत्र आल्यावर कळलं की आम्ही आडोशात उभ्या होतो तेव्हा तिचे वडील जाऊन चार तास झाले होते.

ती अजून परतलेली नाही. दाजींना काही सांगितलेलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. फोनमधला दोष म्हणून सही केलीस ती माझ्यापायी केलीस. माझ्यामुळे तुझी नोकरी जाणार का?

ताई


२२ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायचं धाडस झालं नाही. तुझ्यावर रागवावं असं खूप वाटलं. पण रागवायला तोंड कुठे आहे मला?

मलाही एक सांगायचंय. "काय कारण असेल, कळत नाही" असं मी फेब्रुवारीत लिहिलं, ते साफ खोटं. दाजींच्या चौकशीचे कागद मी वाचले होते. डेपोतला कारकून माझ्या ओळखीचा, त्याने दाखवले. अकरातली एकटी कोण, ते मला माहीत होतं. एक्केचाळीस नंबर कुणाचा, ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिच्याजवळ कुणी का उभं राहत नाही, हेही नोंदी बघून कळलं होतं. जे तुमच्या दुकानात रोज येतात, तेच तिला सगळ्यात जास्त टाळतात. आकडे इतके सरळ होते की शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

मग मी काय केलं? तुला विचारलं का? तिला विचारलं? नाही. मी म्हटलं, तिचे निरोप ताईकडेच दिले की ताईला तिच्याजवळ उभं राहावंच लागेल. रोज तीस सेकंद, हळूहळू एक मिनिट, मग बोलणं सुरू होईल. मला वाटलं, मी फार हुशार. इथे खुर्चीत बसून दोन बायकांचं भांडण मिटवायला निघालो होतो, तेही त्यांना न सांगता! बाकीच्यांच्या प्रती पुसायला लावल्या त्याही मीच. ट्रकवाल्याकडे, टपरीवाल्याकडे प्रत राहिली असती तर कुणा ना कुणाकडून सोमवारीच पोचला असता कदाचित. आणि फोन भरत नाहीत म्हणून ते केलं हेही अर्धं खरं. एकट्या तुझ्या हातून गेले की तुझा आकडा आणखी वर जाणार होता. साहेबांना दाखवायला.

तू आठ सेकंद कापलेस. बाकीचे सगळे रस्ते मी कापले.

काल साहेबांना नवा खुलासा दिला. फोनचा दोष नाही, एकाच फोनची नेमणूक चुकीची होती आणि ती मी जाणूनबुजून केली, असं लिहिलं. तुझं नाव घातलं नाही. साहेब म्हणाले, "बासष्टांतला एक फोन, सरासरीला काय फरक पडतो? मागे घ्या." मी घेतला नाही. पुढे काय होईल ते होईल. एकाच फोनकडे निरोप देण्याची ती सोय मात्र काढून टाकलीय.

तुझी मोजणी नोंदींत दिसत नाही. फक्त सेकंद दिसतात. म्हणजे आपण दोघं गप्प बसलो तर काटेवालीला हे कधीच कळणार नाही. काल तुला तसंच लिहिलं होतं, "ताई, गप्प राहा, जे झालं ते झालं." पाकीट चिकटवलंही होतं. मग उघडून फाडलं. काय करायचं ते मी सांगणार नाही. तुला सांगायचा अधिकार माझा राहिलेला नाही.

धाकटा


३० मार्च

प्रिय धाकट्या,

सांगितलं.

मी तिच्या खोलीवर जाऊन, दार लावून, दोघींतच सांगायचं ठरवलं होतं. चार दिवस रोज पायात चपला घालत होते आणि काढत होते. शेवटी तीच आली. मंगळवारी भर दुपारी, दुकान गच्च भरलेलं असताना. हातात कामावरचा शर्ट, बाही उसवलेली. दीड वर्षात पहिल्यांदा पायरी चढली. आणि बायकांनी काय करावं? सरकून जागा केली! एकीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तिला हात धरून ट्रकमध्ये बसवलं होतं, म्हणजे आता सगळ्यांना मोकळीक. मला काही बोलावंही लागलं नाही.

तिने शर्ट माझ्या यंत्रावर ठेवला आणि म्हणाली, "सवडीने करा, घाई नाही." मी सुईत दोरा ओवला असता तर सगळं निभावलं असतं रे. बाही शिवून दिली असती, चार गोष्टी बोलले असते, आणि पुढची वीस वर्षं ती मला ताई म्हणत राहिली असती. ते नको नको झालं. उभी राहिले आणि सांगून टाकलं. मागचं पुढे, पुढचं मागे. निरोप सोमवारपासून माझ्याकडे होते. तीस सेकंद मला माहीत होते. मी मोजून निघून जात होते. आणि शिट्टी एकच झाली होती, मी खोटं बोलले होते, तू खरं बोलली होतीस.

तांब्या पुढे करणारीचा हात तसाच पुढे.

काटेवालीने एवढंच विचारलं, "सोमवारी सकाळी?"

"हो. नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"सोमवारी बाबा बोलत होते," ती म्हणाली.

मग तिने शर्ट उचलला, नीट घडी केली, बाहीसकट, आणि गेली. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तरी मला बरं वाटलं असतं. म्हणूनच मारली नसेल.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलं होतं. दाजींना मी सांगायच्या आधीच बाहेरून कळलं. रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "एक शिट्टी मी दिली आणि खोटं तुला बोलावं लागलं." आणि त्या पाय गेलेल्या माणसाकडे गेले. तिथे काय झालं मला बोलले नाहीत, मी विचारलं नाही. पण आता रोज जातात.

बायका आता काटेवालीशी बोलतात. नळावर तिच्याजवळ उभ्या राहतात, तिचे निरोप तिला मिळत असतील. दुकानात मात्र बसत नाहीत. कापड देतात, माप देतात आणि निघतात. तेव्हा पुढच्या अहवालात सात नंबर खाली आलेला दिसेल. फोनमध्ये दोष शोधत बसू नकोस. आणि पहिल्या अहवालातून माझं नाव काढता आलं तर काढ, जाड तार नको म्हणावं.

डेपोतल्या कारकुनाकडून तिने सांगून पाठवलंय, तिचा नंबर निरोप्यातून काढायचा. कुणाच्याच फोनमधून तिला निरोप नकोत. तिचा अर्ज तुझ्याकडे येईल. ती आता रोज काम सुटलं की स्वतः चालत डेपोवर जाते, फोन हातात धरून, तासभर जायला आणि तासभर यायला. वडील तर गेले. आता तिला कुणाचे निरोप यायचेत मला माहीत नाही. तिची आई आहे का, भाऊ आहे का, इतकी वर्षं समोर राहून मला तेही माहीत नाही.

रस्ता माझ्या दुकानावरूनच आहे. ती येताना दिसली की मी यंत्र थांबवून दारात जाऊन उभी राहते. ती थांबत नाही.

तुझी ताई